मदत हवी आहे: स्पेनमधल्या ऑलिव्हच्या डोंगरातून, गाड्यांशिवाय सायकल प्रवास

चेन_उतरली

नमस्कार मंडळी,

आधी आमची कुंडली. मी ५७, नवरा ६१, मुक्काम पुणे. सात-आठ वर्षं दोघंही सायकल चालवतोय, पण रेसवाले नाही. रविवारी तीस-चाळीस किलोमीटर, मध्ये मिसळ, घरी येऊन झोप. दोन वर्षांपूर्वी खंबाटकीच्या अलीकडे एका टेंपोचा आरसा माझ्या कोपराला लागला. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून मागून हॉर्न वाजला की हँडल आपोआप डावीकडे वळतं. डोंगर हवेत, थोडाफार चढ चालेल, रोज नव्या गावी मुक्काम हवा, फक्त मागे गाडी नको. अट एवढीच, आणि इकडे नेमकी तीच पुरी होत नाही.

लेक माद्रिदला शिकते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तिच्याकडे जाणार आहोत. तिनेच 'व्हिया व्हेर्दे'चं वेड डोक्यात घातलं. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तिकडे चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाटा केल्यात. १९९३ पासून हे काम चालू आहे आणि देशभरातल्या अशा वाटांची लांबी आता तीन हजार किलोमीटरच्या वर गेली आहे. मला सगळ्यात पटलं ते चढाचं गणित. वाफेच्या इंजिनाला जो चढ झेपला तो आमच्या गुडघ्यांनाही झेपायला हरकत नाही. आपल्या बोरघाटात रेल्वे ३७ ला १ ने चढते, म्हणजे शंभर मीटरला तीन मीटरसुद्धा नाही. त्याच घाटात जुन्या रस्त्याने मी सायकल हातात धरून चालत गेले आहे, त्यामुळे फरक कळतो.

आमचा डोळा 'व्हिया व्हेर्दे देल असेइते'वर आहे. असेइते म्हणजे तेल. लिनारेस ते पुएन्ते हेनिल ही जुनी तेलाची गाडी, १९८५ मध्ये बंद पडलेली. त्यातला जाएन ते पुएन्ते हेनिल हा १२८ किलोमीटरचा पट्टा आता सायकलींना मोकळा आहे. वाटेत लोखंडी पूल आणि दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत ऑलिव्ह. पहिले ५५ किलोमीटर जाएन प्रांतात, पुढचे कोर्दोबात, सुब्बेतिका डोंगरांच्या पायथ्याने. रस्त्यावरच्या सायकलस्वारांना १२८ म्हणजे एक दिवस. आम्ही चार दिवस ठेवलेत.

आता शंका. ही वाट खरोखर वाहनमुक्त आहे, की आपल्याकडच्या सायकल ट्रॅकसारखी, पाणीपुरीची गाडी लागली की संपली? इथून सायकली न्याव्यात की तिकडे भाड्याने घ्याव्यात? पुएन्ते हेनिलला पोचल्यावर परत कसं यायचं, हे कुठेच धड सापडत नाही. आणि नवरा शाकाहारी आहे. मी अंडं खाते, तो तेही नाही. त्याला चार दिवस ब्रेड आणि संत्र्यांवर ठेवलं तर पुढची सगळी वर्षं ऐकावं लागेल.

मालागाकर

मी नऊ वर्षं मालागात आहे. ही वाट तुकड्या-तुकड्यांत तीनदा केली आहे. सवडीने लिहितो.

पहिल्यांदा उच्चार, कारण स्टेशनवर उपयोगी पडेल. 'जाएन' नाही, 'खाएन'. तिथले लोक तर 'हाएन' म्हणतात. व्हिया व्हेर्दे म्हणजे 'बिया बेर्दे'. असेइते बरोबर आहे, माद्रिदला 'अथेइते' ऐकू येईल. ऑलिव्हच्या फळाला म्हणतात असेइतूना. आपला 'जैतून' आणि हा शब्द दोन्ही एकाच अरबी मुळातून आलेत, त्यामुळे अगदीच परक्या गावात जाताय असं नाही.

वाहनमुक्त? हो, पण दोन अपवाद धरून चला. खाएन स्टेशनपासून वाटेची सुरुवात शहराच्या टोकाला, क्रीडासंकुलाजवळ आहे. तेवढं शहर ओलांडावं लागतं. दुसरं, शेताकडे जाणारे छोटे रस्ते वाटेला आडवे जातात. मोठ्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी पूल आहेत. नोव्हेंबर ते जानेवारी ऑलिव्हची तोडणी असते, तेव्हा ट्रॅक्टर दिसतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात कोवळ्या तेलासाठी काही शेतांत सुरुवात झालेली असते, पण गर्दी नाही. हॉर्न मात्र कुणी वाजवत नाही. सायकलीमागे मुकाट येतात.

जमीन काही भागांत डांबरी, बाकी दाबलेल्या मुरमाची. कोरडी असली तर हायब्रिड सायकल मजेत जाते, पाऊस झाला तर चिकणमाती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. तेव्हा मडगार्ड सैल असलेली सायकल मागा आणि पावसानंतर अर्धा दिवस थांबायची तयारी ठेवा.

आता परतीचं. पुएन्ते हेनिलचं जलदगती गाडीचं स्टेशन वेगळं, गावाबाहेर. त्या गाड्यांत सायकल सुटी करून पिशवीत भरलेली, १२० बाय ९० बाय ४० सेंटिमीटरच्या आतच चालते. माद्रिद-खाएनच्या साध्या प्रादेशिक गाडीत मात्र अख्खी सायकल जाते, पण जागा मोजक्या असतात, तिकिटाबरोबरच सायकलची नोंद करा. म्हणजे जाताना सोपं आणि येताना अवघड, असा हा मार्ग आहे. म्हणून तुम्हाला वेगळंच सुचवतो: १२८ 'पूर्ण' करायचा हट्ट सोडा.

सुएरोस नावाचं पांढरं गाव आहे, कड्याला चिकटलेलं, वर किल्ला. वाट त्याच्या खालून जाते. शेजारच्या दोन्या मेन्थियाच्या जुन्या स्टेशनात सायकली भाड्याने मिळतात. तिथे चार रात्री मुक्काम ठोका. एक दिवस काब्राकडे जाऊन परत, एक दिवस लुकेच्या पुढे खाऱ्या तळ्यापर्यंत, एक दिवस आल्काउदेतेच्या दिशेने लोखंडी पुलांसाठी. सामान खोलीत राहतं, पॅनियरचं (सायकलला अडकवायच्या पिशव्यांचं) ओझं नाही, पाऊस आला तर वांदे नाहीत. 'रोज नव्या गावी' ही तुमची अट तेवढी मोडते, पण तीही तपासून बघा. रोज सामान बांधून-सोडून होणारी दमछाक चढापेक्षा जास्त असते.

दोन_चाकं

मालागाकरांशी सहमत, एकच गोष्ट वगळता. मी सामान घेऊनच गेलो होतो आणि मजा त्यातच होती. संध्याकाळी सात वाजता घाम पुसत गावात शिरायचं, स्वयंपाकघर साडेआठला उघडतं म्हणून चौकात बसून राहायचं! पण मी तेव्हा ३४ वर्षांचा होतो, हेही खरं.

सायकल इथून नेऊ नका. खोका, विमानाचं भाडं आणि परत येताना वाकलेलं डेरेलर हँगर (मागच्या गिअरचा आधार), असा अनुभव आहे. ई-बाईकचा विचार असेल तर ती तिकडेच घ्यावी लागेल, कारण तिची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. भाड्याच्या सायकलीला दोन जास्तीच्या ट्यूब मागा. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे, ते असतं बरोबर.

वऱ्हाडी_ठेचा

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमची शकुंतला रेल्वे, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. ती कापसासाठी टाकलेली, ही तेलासाठी. दोन्ही पडून राहिल्या. तिकडे लोक कॅमेरे गळ्यात घालून सायकली चालवतात आणि आमच्याकडे रुळांत बाभळी. गाडीच परत सुरू व्हावी असं मलाही वाटतं, म्हणजे सायकलवाट हवी असा हट्ट नाही. पण दोन्हींपैकी एक तरी व्हावं ना राव.

चेन_उतरली

@मालागाकर, केवढं सविस्तर! मनापासून आभार. तुमची सूचना घरात वाचून दाखवली. नवऱ्याने लगेच मान डोलावली, कारण त्याला किल्ल्यासमोर गच्ची दिसली. मला मात्र 'पूर्ण केलं' म्हणायचा मोह होतोच. त्यावर लेक म्हणाली, 'आई, तुझ्या पूर्ण करण्याचं प्रमाणपत्र कोण मागणार आहे?' तर ते सोडलं.

@वऱ्हाडी_ठेचा, अवांतर मुळीच नाही. मी मूर्तिजापूरच्या आजोळची आहे, त्या गाडीत बसलेली आहे.

@दोन_चाकं, तुमच्या ३४ चा हेवा वाटला. जेवणाबद्दल अजून कोणी बोललं नाही, ते विसरू नका.

मालागाकर

राहिलंच की. सकाळी तोस्तादा: भाजलेला पाव, किसलेला टोमॅटो, वर तेल. तेल हात आखडून घेऊ नका, खाएन प्रांतात चांगल्या वर्षी जगातल्या ऑलिव्ह तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा निघतो. दुपारी बेरेन्हेनास कोन मिएल, म्हणजे तळलेले वांग्याचे काप आणि वर काळसर मध. मध म्हणतात, पण आहे ती चक्क उसाची काकवी. तुमचे अहो खूश होतील.

धोका साल्मोरेखोत आहे. टोमॅटोचं घट्ट थंड सूप, दिसायला निष्पाप, पण वर उकडलेलं अंडं आणि हामचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, तुकडे भुरभुरवून येतं. 'सिन हामोन, सिन उएवो', म्हणजे हाम नको, अंडं नको, असं आधीच सांगा. कोशिंबिरीत न विचारता ट्यूना टाकतात. भाज्यांच्या पदार्थातही हाम सापडतं, आणि 'यात मांस नाही ना' विचारलं की 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी हाम म्हणजे मांस नव्हे! जेवणाच्या वेळा: दुपारी दीड-दोनच्या आत काही मिळत नाही, चारनंतरही नाही. पिशवीत बदाम ठेवा.

आणखी एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्याआधी साडेसातपर्यंत उजेड असतो, नंतर साडेसहालाच अंधारतं. शक्यतो त्याआधीचे दिवस घ्या.

वेळ उरलाच तर ओल्वेरा-पुएर्तो सेर्रानोची सिएर्राची बिया बेर्दे बघा. ३६ किलोमीटर, ३० बोगदे, ४ मोठे पूल, आणि गंमत म्हणजे तिथून एकही गाडी कधी धावली नाही. १९२० च्या दशकात बांधायला घेतली, मग पैसे संपले, यादवी युद्ध झालं, राहिली. मध्ये साफ्रामागोन नावाचा सुळका आहे, तिथे गिधाडांची मोठी वस्ती. आपल्याकडे आता गिधाड दिसलं की बातमी होते, तिथे डोक्यावर घिरट्या घालत असतात. मात्र लांब बोगद्यांत दिवे असले तरी स्वतःचा दिवा हवाच. एखादा गेला की मधोमध काळोख.

चेन_उतरली

लेकीने सुएरोसला चार रात्री बुक केल्या, घड्याळ बदलायच्या आधीच्या. सिएर्राची वाट तिने परस्पर यादीत टाकली आहे, बोगद्यात मी गाणी म्हणणार असं ठरलंय. काकवीचं ऐकून नवऱ्याने कोल्हापुरी गुळाची ढेप बॅगेत काढून ठेवली होती, ती परत कपाटात ठेवायला लावली.

आता शेवटची शंका. भाड्याच्या सायकलीवर आपली स्वतःची सीट नेऊन लावू देतात का? माझी बसून-बसून माझ्या मापाची झाली आहे.

दोन_चाकं

देतात. ॲलन कीचा (षटकोनी पान्यांचा) संच मात्र हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात टाका.