आयर्न मेडनचे २००० नंतरचे अल्बम : आजही लावता का?

गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारिस्ट एड्रियन स्मिथ १९९९ साली परतल्यानंतर आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पासून २०२१ च्या 'सेन्जुत्सु'पर्यंत सहा स्टुडिओ अल्बम आले. चाहत्यांच्या गप्पांची गाडी मात्र ऐंशीच्या दशकापुढे सरकत नाही. कृपया क्रमवारी लावू नये. हे अल्बम आपण कसे ऐकले आणि आजही आपणहून लावता का, एवढेच लिहावे. आलेली उत्तरे गावांच्या नावाने खाली देत आहोत.

पुणे : मार्च २००७ मध्ये आम्ही तिघे रात्रभर बसमध्ये अवघडून बँडच्या कार्यक्रमासाठी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर पोहोचलो. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' आदल्याच वर्षी आला होता आणि बँडने सुरुवातीलाच त्यातली गाणी घेतली. आसपासची मंडळी जुन्या गाण्यांसाठी खोळंबली होती, हे खरे. मला मात्र तो अल्बम तिथेच उमगला आणि आजही तो महिन्यातून एकदा तरी लागतो. पुढच्या वर्षी मुंबईत १९९२ नंतरचे एकही गाणे झाले नाही, तेव्हा वरणभात न वाढताच पंगत उठल्यासारखे वाटले.

नाशिक : 'द फायनल फ्रंटियर' एकदाच ऐकला. पहिले गाणे सुरू होण्याआधीचा तो चार-साडेचार मिनिटांचा गोंगाट मला सोसला नाही.

ठाणे : 'द बुक ऑफ सोल्स' ९२ मिनिटांचा आहे, ही माझ्या भावाची तक्रार, माझ्या रोजच्या जाण्यायेण्यात तो नेमका बसतो. त्यातले शेवटचे 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' १८ मिनिटांचे असून १९३० साली फ्रान्समध्ये कोसळलेल्या आर-१०१ या ब्रिटिश एअरशिपवर (वायूने भरलेल्या हवाईजहाजावर) आहे. सुरुवातीला नुसता पियानो वाजतो, जहाज आकाशात जाते तसतशी वाद्ये वाढत जातात आणि फास्ट लोकल दादरला शिरण्याआधी सगळे पुन्हा शांत होते. एवढा वेळ घेतल्याशिवाय ते जहाज माझ्या डोळ्यांसमोर उभेच राहिले नसते.

म्हापसा : मी गिटार शिकवतो, त्यामुळे माझा आक्षेप लांबीपेक्षा साच्यावर आहे. बास गिटारवर हळुवार सुरुवात, मग ई मायनर, सी, डी हे कॉर्ड, आणि तीच सुरावट शेवटी पुन्हा बासवर. बँडचा बासवादक स्टीव्ह हॅरिसची निम्मी नवी गाणी विद्यार्थी पहिल्या दहा मिनिटांत बसवतात. शिवाय तीन गिटारिस्ट असूनही तिसरी गिटार पुष्कळदा दुसरीच्याच मागे चालते, हेडफोन लावूनही वेगळी काढता येत नाही. मात्र 'डान्स ऑफ डेथ'मधल्या 'पॅशनडेल'मध्ये तिन्ही गिटारी वेगवेगळे बोलतात, म्हणून तेवढे गाणे मी दरवर्षी शिकवतो.

लंडन : जुलै २०२३ मध्ये बँडच्या कार्यक्रमाला गेलो तो १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम'मधल्या गाण्यांसाठी. तोपर्यंत 'सेन्जुत्सु'तली शेवटची तिन्ही गाणी, प्रत्येकी दहा मिनिटांहून मोठी, मी घरी कधी पूर्ण ऐकली नव्हती. 'हेल ऑन अर्थ' सुरू झाले तेव्हा शेजारचा जेमतेम विशीतला मुलगा शब्दन्‌शब्द गाऊ लागला आणि मी पहिल्या कडव्यानंतर नुसती मान हलवत राहिलो. त्यानंतर ते गाणे मी बऱ्याचदा लावले आहे. मधली दोन मिनिटे अजूनही पुढे सरकवतो.