पणजोबांच्या जपानी तलवारीवरची सही कशी वाचायची?

सातारकरीण: पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते. १९४६ साली पलटणीबरोबर जपानला गेले, येताना ही तलवार आणली. खंडेनवमीला हळदकुंकू वाहतो आणि परत म्यानात घालतो. यंदा मूठ हलायला लागली म्हणून काकांनी बांबूची खुंटी काढली, तर मुठीतल्या गंजक्या भागावर कोरलेली अक्षरं निघाली. एका बाजूला सात. दुसऱ्यात तीन उभ्या रेघा आणि मधे ठिपके, तिसरं दोन झडपांच्या दारासारखं. मागच्या बाजूला तिसरं अक्षर अधिकच्या चिन्हासारखं, त्याखाली दोन तिरक्या रेघा. काका म्हणतात, घासल्यावर स्पष्ट दिसेल. घासू का? आणि तलवार सामुराईची असेल का?

नागोयाकर: आधी काकांच्या हातातला पॉलिश पेपर काढून घ्या! नाकागोवरचा, म्हणजे मुठीतल्या भागावरचा काळा गंज हाच वयाचा पुरावा. तो गेला की तलवारीची किंमत गेली. अक्षरांवर थोडी टाल्कम पावडर चोळा आणि बाजूने उजेड पाडून फोटो काढा.

दारासारखं अक्षर म्हणजे 'सेकी', गिफू प्रांतातलं लोहारांचं गाव, माझ्यापासून फार लांब नाही. सुरुवात 'नोशू सेकी जू', म्हणजे 'नोशूमधल्या सेकीचा रहिवासी', अशी वाटते; नोशू हे त्याच भागाचं जुनं नाव. पुढचं अक्षर 'काने' असेल, तिथल्या बहुतेक लोहारांची नावं त्यानेच सुरू होतात. शेवटचं 'साकु', 'बनवली'. खरं नाव सहाव्यात आहे.

मागे तारीख. अधिकचं चिन्ह म्हणजे दहा, तिरक्या रेघा म्हणजे आठ. आधीची दोन अक्षरं 'शोवा', म्हणजे सम्राट हिरोहितोच्या काळातली वर्षगणना, असतील तर शोवा १८. त्यात १९२५ मिळवा: १९४३. सामुराई नाही, लष्करी अधिकाऱ्याची. वाईट वाटून घेऊ नका. सहीच्या वर बारीक शिक्का आहे का?

सातारकरीण: आहे! वाटाण्याएवढा, आत तेच दार.

नागोयाकर: मग पारंपरिक पद्धतीने घडवलेली नाही, युद्धकाळातली. जपानला पाठवायचा विचार असेल तर सोडा, अशा तलवारीची इथे नोंदणी होत नाही.

कोल्हापूरचा बाळ्या: आमच्याकडच्या तलवारीला मी नववीत असताना चिंच-मीठ लावून चकचकीत केलं होतं. सहीच्या जागी आता ओरखडे. बाबा अजून ऐकवतात. आणि हळदकुंकू पात्यावर नको, म्यानावर वाहा. ओली बोटं लागली की चार दिवसांत डाग.

सातारकरीण: कुंकवाचे डाग आहेतच, टोकाशी दोन. आजीला कोण सांगणार? खुंटी परत जात नाहीये.

नागोयाकर: ती एका टोकाला निमुळती असते. ज्या बाजूने निघाली त्याच बाजूने, बारीक टोक पुढे करून घाला. हातोडी नको.

सातारकरीण: बसली. सहाव्या अक्षराचा फोटो उद्या सकाळच्या उन्हात काढते.