'रीच'ला मराठीत 'पोच' म्हणावं का?

हल्ली 'रीच वाढली', 'पोस्टची रीच पडली' असं सगळीकडे ऐकतो, रीच म्हणजे पोस्ट किती जणांना दिसली तो आकडा. याला 'पोच' किंवा 'पोहोच' लिहिलं तर चालेल का? आणि ती रीच का तो रीच?

– मी तरी 'ती रीच'च ऐकलीये, बहुतेक पोच स्त्रीलिंगी म्हणून. पण आकड्याला पोच म्हणायला माझं मन तयार नाही. पत्राची पोच द्या म्हणजे मिळाल्याचं कळवा, माझी तेवढी पोच नाही म्हणजे कुवत नाही, आणि कुठे काय बोलावं याची पोच नाही म्हणजे समज नाही. एवढं सगळं त्या दोन अक्षरांत आहे आणि रीचमध्ये फक्त किती स्क्रीनवर गेलं तेवढंच. पोच समोरचा माणूस देतो, रीच मशीन मोजतं, आणि मशीन काय मोजतं तसं लोक बोलायला लागतात. फेसबुकवर कुठली पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना २०१७ पासून काही वर्षं इमोजी रिॲक्शनला लाइकच्या पाचपट वजन होतं, त्यात रागाचा लाल चेहरापण आला, म्हणजे चिडवणारी पोस्ट आपोआप वर. नंतर रागाचं वजन काढलं पण तोपर्यंत लिहिणाऱ्यांना सवय लागली होती ना. आमच्या गावच्या पेजवर मी पाण्याच्या टाकीबद्दल तारखांसकट लिहिलं, चार लाइक. दुसऱ्याने त्याच टाकीवर 'लाज वाटते का' एवढंच टाकलं तर दीडशे कमेंट, आणि दहाव्या कमेंटनंतर टाकी कुठेच नाही, नुसती पार्टी आणि जात. मला फार वाईट वाटलं त्याचं.

– पण टाळ्यांची वाक्यं आधीही होतीच की, भाषणात लोक पेरायचेच.

– होती, मान्य. पण टाळ्या देणारा समोर बसलेला असायचा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, तिथे टाळी घेतली तरी पुढचा तासभर त्याच लोकांसमोर मुद्दा उलगडायला लागणार, कोणी चुळबुळ केली तर दिसणार. आता तीस सेकंदांची क्लिप कापून फिरते, मागचं-पुढचं वाक्य गेलं, बोलणाऱ्यालाही ते माहीत असतं म्हणून तो क्लिपपुरतंच बोलतो. चुळबुळ कुठे दिसणार त्याला?

– मग 'ही पोस्ट ४ हजार लोकांपर्यंत पोचली' हे चूक?

– मी '४ हजार जणांना दिसली' असं लिहीन. त्यातल्या कोणी टाकीचं काय झालं विचारलं, तर त्याच्यापर्यंत पोचली.