आप्पांच्या टॅबमध्ये अँटीव्हायरस टाकायचा की नाही?

चोपडेकर (सध्या पुणे)
वाद घालायलाच धागा काढतोय. आई-आप्पा दोघंच गावी असतात. आप्पांना दिवाळीत सिमवाला अँड्रॉइड टॅब घेऊन दिला, त्यावर कीर्तनं, केळीचे भाव, नातवंडांशी व्हिडिओ कॉल आणि व्हॉट्सॲप, बस. शेजारच्या पोराने त्यात फुकटचा अँटीव्हायरस टाकून दिलाय, आणि भाऊ म्हणतो फुकटचा काढ, पैसे भरून चांगला घे. माझं मत, दोन्ही नको. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गूगलचीच घातक ॲप शोधायची सोय, २०१७ पासून अँड्रॉइडमध्ये आहेच, प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं ॲपही ते तपासतं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात इन्स्टॉल होतानाच ॲपचा कोड तपासायची सोय आली ती तर सगळ्यात आधी भारतात सुरू केली. शिवाय अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात चालतं, अँटीव्हायरस पण त्यातलंच एक ॲप, त्याला दुसऱ्या ॲपच्या पोटात डोकावता येत नाही. कॉम्प्युटरवरची सवय आपण उगाच टॅबवर आणतोय. बोला.

सेवाकेंद्रवाला, यावल
पुण्यात बसून बोलायला सोपं आहे भाऊ. माझ्या दुकानात या एकदा. पीएम किसानच्या नावाने एपीके (म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची फाइल), आरटीओ चलनाच्या नावाने एपीके, लग्नसराईत तर पत्रिकेच्या नावाने, आणि पाठवणारा कोण तर ओळखीचाच, कारण त्याचा व्हॉट्सॲप आधीच हॅक झालेला असतो. माणूस दाबतो, ते 'परवानगी द्या' म्हणतं, हा देतो, एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी तिकडे. प्ले प्रोटेक्ट अडवतं म्हणता, पण समोरचा फोनवर बसून ते बंद कसं करायचं ते पण सांगतो ना. दुसरं काहीतरी असलं तर निदान अजून एकदा घंटी वाजेल. करप्याची फवारणी करतो म्हणून बागेला कुंपण घालत नाही का आपण? दोन्ही करतो.

भुसावळी
जो माणूस फोनवरच्या अनोळखी माणसाचं ऐकून प्ले प्रोटेक्ट बंद करतो तो तुमचा अँटीव्हायरस पण काढून टाकेल, त्याच फोनवर, त्याच दोन मिनिटांत. आणि सगळे अँटीव्हायरस काम करतात हे कुणी सांगितलं? ऑस्ट्रियाच्या एव्ही-कंपॅरेटिव्हजने २०१९ मध्ये अँड्रॉइडचे २५० अँटीव्हायरस तपासले, त्यातल्या फक्त ८० नी ३० टक्क्यांपेक्षा जास्त घातक ॲप्स पकडली. बाकीच्यांमध्ये काही तर नुसती दिसायला. शंभर टक्के पकडणारे पण होते, २३, ते मान्य. पण शेजारचा पोरगा कोणता टाकून गेलाय ते आप्पांना माहितीय का?

धुळ्याची सुनबाई
मला यातला टेक्निकल भाग कळत नाही पण सासूबाईंच्या टॅबचं सांगते. फुकटवाला होता. दिवसातून कितीदा तरी लाल त्रिकोण, 'धोका! आत्ताच साफ करा', खाली मोठ्ठं बटण, बटण दाबलं की जाहिरात, जाहिरातीतला फुलीचा खिळ्याएवढा बारीक ठिपका त्यांच्या बोटाला सापडायचा नाही, मग दुसरंच पान उघडायचं. त्या घाबरून टॅब पालथा घालून ठेवायच्या. आणि खरी गोष्ट पुढेच, ब्राउझरमध्ये 'तुमच्या डिव्हाइसमध्ये व्हायरस सापडले' म्हणून जे फसवं पान येतं ना, ते अगदी तस्संच दिसतं. लाल दिसलं की दाबायचं ही सवय आपणच लावायची आणि नंतर म्हणायचं दाबलं कशाला? मी ते ॲप काढलं, क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या साइट्सची नोटिफिकेशन बंद केली, तेव्हापासून शांत आहे.

सेवाकेंद्रवाला, यावल
ताई म्हणून तर म्हणतोय विकतचा घ्या, त्यात जाहिराती नसतात. आपल्या पुण्याच्या क्विक हीलपासून पाहिजे तेवढे आहेत.

धुळ्याची सुनबाई
आणि वर्ष संपलं की 'मुदत संपली, पैसे भरा' चे मेसेज येतात, त्यातला खरा कोणता आणि खोटा कोणता ते कोण सांगणार? अँटीव्हायरस रिन्यूअलच्या नावाने पण फसवतात दादा.

तापीकाठ
मना आबासले मी सांगी ठेयेल शे, काई बी उनं ते पहिले माले फोन करा. झाया अँटीव्हायरस.

निवृत्त मास्तर, अमळनेर
मी स्वतः ७१ वर्षांचा, टॅबवरूनच टाइप करतोय. तुम्ही सगळे आमच्याबद्दल असं बोलताय की आम्ही पाळण्यात आहोत. तापीकाठ यांचे आबा प्रत्येक वेळी फोन करणार नाहीत हे लिहून घ्या, पोरगं मीटिंगमध्ये असतं आणि तिकडून ओरडतं हे आम्हाला माहीत असतं, मग आम्ही आमच्या मनानेच काहीतरी करतो. दुसरं, आमच्या वयाच्या लोकांची मोठी रक्कम जाते ती त्या डिजिटल अरेस्टमध्ये. पोलिसांच्या वेषात व्हिडिओ कॉल, तुमच्या आधारवर गुन्हा आहे, कुणाला सांगू नका, माणूस घाबरून स्वतः बँकेत जाऊन पैसे पाठवतो. त्यात व्हायरस कुठे आहे? खुद्द पंतप्रधान ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये यावर बोलले. अशी अटक कायद्यात नाहीच एवढं वाक्य आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर टॅबच्या कव्हरच्या आत लिहून चिकटवा. पैसे गेल्यावर पहिल्या तासात फोन केला तर काही अडवता येतं, पोरगा रागावेल म्हणून दोन दिवस लपवलं तर संपलंच.

भुसावळी
मास्तर, शंभर टक्के.

सेवाकेंद्रवाला, यावल
मास्तरांचं पटलं, पण एपीकेचं काय ते कुणी बोललंच नाही.

भुसावळी
बोलतो ना. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करा' आहे, तिथे व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर तिघांची परवानगी बंद पाहिजे. सॅमसंगचा नवा टॅब असेल तर ऑटो ब्लॉकर चालू करा, बाहेरचं इन्स्टॉलच होत नाही. आणि अपडेट बघा, कंपनीने सिक्युरिटी अपडेट देणं बंद केलेला जुना टॅब असेल तर पैसे अँटीव्हायरसवर नको, नव्या टॅबसाठी ठेवा. पण सगळ्यात महत्त्वाचं, बँकेला जोडलेलं सिम टॅबमध्ये ठेवूच नका. ते साध्या बटणाच्या फोनमध्ये टाका, टॅबला दुसरं नेटपुरतं सिम. एपीके घुसलंच तरी त्याला वाचायला बँकेचा ओटीपी तिथे नाही.

सेवाकेंद्रवाला, यावल
आणि यूपीआय? सिम काढलं की ते ॲप बोंबलणार.

चोपडेकर (सध्या पुणे)
आप्पा यूपीआय वापरत नाहीत, सोसायटीत आणि दुकानात रोखच. सिमचं हे डोक्यात आलं नव्हतं, आखाजीला गावी गेलो की करतो. फुकटचा अँटीव्हायरस तेव्हाच काढणार. भावाला विकतचा घ्यायचाच असेल तर त्याने त्याच्या पैशाने घ्यावा, पण रिन्यूअलचे मेसेज त्याच्याच नंबरवर आले पाहिजेत, आप्पांच्या नाही.

सेवाकेंद्रवाला, यावल
म्हणजे भाऊ घेणारच आहे. मग वाद कसला घातला!