अनुभव धागा: प्रोजेक्ट चालवताना झुकतं माप कसं टाळता?

पीएमआयच्या (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, प्रोजेक्ट मॅनेजरांची संस्था) आचारसंहितेत चार मूल्यं आहेत: जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि प्रामाणिकपणा. तिसऱ्यावर ट्रेनिंगमध्ये एखादी स्लाइड असते, आणि गणपतीच्या रजा वाटताना तिचा उपयोग शून्य. म्हणून इथे तत्त्वज्ञान नको. नोंद कशात ठेवता, आकडे काय धरता आणि गडबड कुठे होते, ते लिहा. ‘माझ्या साहेबाने मला असं केलं’ यासाठी वेगळा धागा काढू.

प्रॉडक्शन सपोर्ट, हिंजवडी

ऑन-कॉल, म्हणजे सिस्टीम बिघडली तर फोन घ्यायची पाळी, नुसते दिवस मोजून वाटला की भांडण ठरलेलं. मंगळवारची रात्र आणि लक्ष्मीपूजनाची रात्र एका भावाने कशी धरणार? दिवसांना वजन द्यायचं: साधी रात्र १, शनिवार-रविवार २, सण ३. रात्री ११ नंतर फोन वाजून खरोखर लॅपटॉप उघडावा लागला तर वर अर्धा गुण. बेरीज सगळ्यांना दिसेल अशा शीटमध्ये ठेवायची आणि वर्ष संपलं तरी पुसायची नाही. पुढची ड्युटी सगळ्यात कमी गुणवाल्याला, सणाच्या रजेत पहिली निवड सगळ्यात जास्त गुणवाल्याची.

दोन ठिकाणी हे फसतं. नवा माणूस शून्यावर आला की पहिले दोन महिने सगळ्या ड्युट्या त्याच्याच गळ्यात. त्याला टीमची सरासरी देऊन सुरुवात करा. २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेवरून परतलेलीलाही तसंच, नाहीतर रजा वसूल केल्यासारखं होतं. दुसरी भानगड अदलाबदलीची. ‘तुझी रात्र मी करतो’ हे चहाच्या टपरीवर ठरतं आणि गुण भलत्याच्याच नावावर पडतात. शीटमध्ये नाव बदललं तरच अदलाबदल झाली असं धरायचं.

गणपतीच्या रजा मात्र रेल्वेच्या हिशेबाने ठरवा. आरक्षण ६० दिवस आधी सुटतं आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. यादी ७५ दिवस आधी पक्की हवी. ४० दिवस आधी मंजूर झालेली रजा कोथरूडवाल्याला चालते, सावंतवाडीवाल्याला ती नामंजूर झाल्यासारखीच.

छोटी टीम, नाशिक

चार जणांत गुण वगैरे नकोत, सगळ्यांना सगळं पाठ असतं. फक्त मॅनेजरने स्वतःचं नाव रोस्टरमध्ये घालावं, दिवाळीच्या आठवड्यातही.

बांधकाम साइट, ठाणे

आमच्याकडे न्याय एमबीत असतो, म्हणजे मोजमाप वहीत. प्लास्टरचंच घ्या. बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक, आयएस १२००, भाग १२ सांगतो की ०.५ चौरस मीटरपर्यंतचं उघडं (खिडकी, झरोका) वजाच करायचं नाही. ०.५ ते ३ पर्यंत, दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची वजावट. ३ च्या वर दोन्ही बाजू वजा, पण आतल्या कडा मोजून द्यायच्या. १ बाय २.१ मीटरचा दरवाजा म्हणजे २.१ चौरस मीटर, वजावट एकदाच. नवा इंजिनिअर हौसेने दोन्हीकडून वजा करतो. ४० दरवाज्यांवर ठेकेदाराचे ८४ चौरस मीटर उडतात, आणि दरवाज्याच्या कडांवर केलेली मजुरी फुकट जाते. ती एका बाजूची सूट त्या कडांसाठीच असते.

झाकलं जाणारं काम झाकायच्या आधी मोजा. स्लॅबचं स्टील काँक्रीट पडण्यापूर्वी, ठेकेदाराच्या माणसासोबत, बार बेंडिंग शेड्यूल (कुठली सळई किती लांब, कशी वाकवायची याचा तक्ता) हातात धरून, आणि दोघांच्या सह्या त्याच दिवशी. ‘लॅप (दोन सळयांचा एकमेकींवर चढलेला जोड) धरला का, चेअर (वरच्या सळया उचलून धरणारे आधार) धरल्या का’ या वादाला नंतर उत्तर नसतं, पुरावा काँक्रीटखाली गेलेला असतो.

लहान पुरवठादाराकडे, समजा पेव्हर ब्लॉक बनवणाऱ्याकडे, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. मालाबद्दल तक्रार असेल तर ती लेखी आणि १५ दिवसांत, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं. पन्नासाव्या दिवशी ‘क्वालिटी बरोबर नव्हती’ म्हणणं हा शुद्ध कांगावा.

अमेरिकन क्लायंट, पुणे

न्यूयॉर्कची सकाळी ८ ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ५:३० ला, हिवाळ्यात ६:३० ला. कॅलिफोर्नियाची ९ ची मात्र रात्री ९:३० आणि १०:३०. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ त्यांचं हलतं, जेवणाची वेळ आपली. निमंत्रण भारतीय वेळेत बनवा, म्हणजे तो तास त्यांच्याकडे सरकतो. रात्रीच्या कॉलला ज्याचा विषय आहे तोच बसेल, बाकीच्यांना सकाळी टिपण.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत महिलांना त्यांच्या संमतीशिवाय काम करायला लावता येत नाही. त्याचा सोयीस्कर अर्थ लावून क्लायंटसमोरचं काम गुपचूप पुरुषांकडे सरकवलं जातं. तिलाच विचारा, उत्तर लेखी घ्या आणि गाडीची सोय करा.

डिलिव्हरी, बंगळूर

एक आड एक शुक्रवारी माणशी दोन ओळी: काय केलं आणि तिकीट नंबर (सिस्टीममधल्या कामाच्या नोंदीचा क्रमांक). वर्षाच्या २६ नोंदी होतात. त्या नसतील तर मार्चच्या अप्रेझलला जानेवारीनंतरचंच आठवतं. एखाद्या नावापुढे लागोपाठ तीन वेळा रकाना कोरा राहिला तर तो माणूस निवांत आहे असं समजू नका, बहुधा तुम्ही त्याच्याकडे पाहिलेलंच नसतं. कोड रिव्ह्यू आणि नव्याला शिकवणं यांचीही तिकिटं काढा.

ऑनसाइटसाठी, म्हणजे परदेशी क्लायंटकडे जाऊन काम करायला, ‘व्हिसा तयार आहे’ हा निकष लावला की दर वेळी तोच जातो, कारण व्हिसा त्याचाच काढलेला असतो. निवड व्हिसाच्या अर्जाच्या वेळी करायची.

इंटिरिअर प्रोजेक्ट, पणजी

बोली लावणाऱ्यांत मेहुणा निघाला तर पाकिटं उघडण्याआधी मालकाला लेखी कळवा आणि तुलनेचा तक्ता दुसऱ्याला करू द्या. मेहुण्याचा दर सगळ्यात कमी आला तरीसुद्धा. कमी दरवाल्याचं एक्स्ट्रा आयटमचं (बोलीत नसलेल्या कामाचं) बिल मागाहून येतं, आणि ते मंजूर करायला पुन्हा तुम्हीच बसलेले असता.