टेनिसआधी रबरी ट्यूबचे व्यायाम किती करावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझी लेक १३ वर्षांची आहे, नागपुरात तीन वर्षांपासून टेनिस शिकतेय. दिवाळीनंतर सर्व्हिसचा सराव वाढला आणि रात्री जेवताना ती डाव्या हाताने उजव्या खांद्याची मागची बाजू दाबत बसू लागली. फिजिओथेरपिस्टना दाखवलं. दुखापत नाही, पण खांद्यामागचे स्नायू कमजोर आहेत, म्हणाले. सर्व्हिस मारताना छाती-पाठीचे मोठे स्नायू हात जोरात पुढे फेकतात आणि चेंडू मारून झाल्यावर त्या वेगाला ब्रेक लावायचं काम मागच्या या छोट्या स्नायूंवर येतं. हे कळल्यापासून ट्यूबचा व्यायाम मी एकही दिवस चुकू दिलेला नाही.

कोर्टाभोवतीच्या कुंपणाच्या जाळीला कोपराच्या उंचीवर ट्यूब बांधतो. कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये नॅपकिनची गुंडाळी. ती पडली की कोपर अंगापासून सुटलं असं समजायचं. मग पंजा पोटाजवळून बाहेर न्यायचा आणि सावकाश परत आणायचा. शिवाय ट्यूब दोन्ही हातांनी मागे ओढणं, आणि गुडघ्यांच्या वर बँड घालून आडवी पावलं. सगळं १५ चे ३ सेट, खेळायला उतरण्याआधी.

अडचण अशी की त्यानंतर तिच्या सर्व्हिस नेटमध्ये जातात. "आई, हात जड झालाय," म्हणते. त्यात रविवारी ट्यूब तुटली आणि तिच्या मनगटावर सटकन बसली, वळ उठला. चार महिनेही झाले नव्हते ट्यूब घेऊन. आमचं नेमकं काय चुकतंय? बंद करू का हे?

प्रतिसाद १

ताई, बंद अजिबात करू नका. व्यायाम बरोबर आहेत, वेळ चुकतेय. ४५ वेळा ओढून दमवलेला स्नायू लगेच ब्रेक कसा लावेल? खेळाआधी ट्यूब फक्त स्नायू जागे करण्यापुरती. आधी ५ मिनिटं हलकं धावणं, आडवी पावलं, हात फिरवणं. मग हलक्या ट्यूबवर १०-१२ चा एकच सेट. मग सर्व्हिस बॉक्समधून (नेटजवळच्या चौकोनातून) छोटं टेनिस, आणि सर्व्हिस अर्ध्या जोराने सुरू करायची.

तीन सेटचा व्यायाम खेळ संपल्यावर किंवा खेळ नसेल त्या दिवशी, आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड. शेवटचे दोन-तीन जड जावेत, पण गुंडाळी पडू नये. ट्यूबच्या रंगावर जाऊ नका, तो कंपनीगणिक बदलतो. आणि ट्यूब जितकी ताणाल तितकी जड होते, त्यामुळे ती खांबापासून किती पावलं लांब उभी राहते तेही बघा. एक पाऊल पुढे घेतलं तरी बराच फरक पडतो.

एक मात्र मनापासून सांगतो. या वयात हाडं वाढत असतात. सर्व्हिस मारतानाच दुखत असेल तर आधी सर्व्हिसची संख्या कमी करा आणि फिजिओंना पुन्हा दाखवा.

प्रतिसाद २

ट्यूब कुठे ठेवता? लॅटेक्सला, म्हणजे ट्यूबच्या रबराला, ऊन आणि उष्णता सोसत नाही. रोज वापरण्याआधी ताणून बघा. गाठीजवळ बारीक भेगा किंवा पांढरट रेघा दिसल्या की टाकून द्या. जाळीच्या तारेला बांधू नका, तार रबर कापते. गुळगुळीत खांबाला कापडी पट्टा लावून त्यात अडकवा. ताणलेली ट्यूब चेहऱ्याच्या रेषेत कधीच नको.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ट्यूब गाडीच्या डिक्कीत असायची, कोर्टाबाहेर उन्हात. तुटलेला तुकडा आत्ता बघितला. तारेला घासायचा तिथेच भेगा आहेत, बाकी नळी गुळगुळीत. नवी आणलीय, ती घरातच राहील. आज एकच सेट करून उतरली, "हात हलका वाटतोय" म्हणाली.

आता एकच विचारायचंय. स्पर्धेत एका दिवशी दोन सामने असले, तर दुसऱ्या सामन्याआधी ट्यूब पुन्हा करावी का, की नुसतं धावणं आणि हात फिरवणं पुरेल? पुढच्या शनिवारी तिचे सामने आहेत.