अंटार्क्टिका: मोठी क्रूझ की लहान बोट? आई सोबत आहे

सीवूड्सचा बगळा:
टी. एस. चाणक्यच्या मागे फ्लेमिंगोंचे फोटो काढून झाले, आता पेंग्विनचे वेध लागलेत. पुढच्या मोसमात अंटार्क्टिकाला जायचं घाटतंय. सोबत आई, वय ६८. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी पारसिक हिल चढते. एजंटने दोन कोटेशनं दिलीत. मोठी क्रूझ, थिएटर आणि स्विमिंग पूलसकट. आणि एक लहान बोट, जवळजवळ दुप्पट पैसे. फरक नक्की कशाचा? आणि पांढरं अस्वल दिसेल का?

घोडबंदरकर:
अस्वल शून्य टक्के, ते उत्तर ध्रुवाकडे. त्यासाठी नॉर्वेचं स्वालबार्ड. ते शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा चालतो तो गट) येत नाही, पण जायचं ऑस्लोवरून, म्हणून मल्टिपल एंट्री व्हिसा घ्या, नाहीतर परतताना पंचाईत. २०२५ पासून अस्वलापासून ३०० मीटर लांब राहावं लागतं, मार्च ते जून ५०० मीटर. मोठी लेन्स असेल तरच मजा.

नौपाड्याची मावशी:
अरे बगळ्या, पूल-बिल सोड. एजंटला एवढंच विचार: बोट माणसं किती नेते आणि किनाऱ्यावर उतरवते का? पाचशेहून जास्त प्रवासी असले की तिथे कुणालाच उतरवत नाहीत. काचेतून बर्फ बघायचा आणि घरी यायचं. त्याहून लहान असली तरी एका जागी एका वेळी १०० माणसंच उतरतात. चारशेची बोट असेल तर बाकीचे तीनशे पाळीची वाट बघत बसणार. दुप्पट पैसे त्याचे आहेत.

आमची बोट शंभरेक माणसांची होती. क्युव्हरव्हिल बेटावर उतरलो तेव्हा पेंग्विनच्या आधी वास आला. क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खाऊन त्यांची विष्ठा गुलाबी होते, सगळा उतार तसाच माखलेला, आणि सुकटीच्या गोणीत तोंड घातल्यासारखा दर्प. दहा मिनिटांत नाक मरतं. मग जेंटूंचे, म्हणजे तिथल्या जातीच्या पेंग्विनांचे, उद्योग बघावेत. घरटं म्हणजे खड्यांचा ढीग. एकाची पाठ वळली की शेजारी खडा उचलून पसार, आणि मालक आला की हा आपला आभाळाकडे बघत उभा! मी बराच वेळ तेवढंच बघत होते, बाकीचे हिमनगांकडे तोंड करून सेल्फी काढत होते.

पाच मीटर अंतर आपण ठेवायचं, त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. बर्फात चालून चालून त्यांच्या वाटा पडलेल्या असतात, त्यावर कुणी येत असलं तर आपण थांबायचं. बर्ड फ्लूमुळे जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, पालथं पडणं बंद आहे. खालून फोटो हवेत तर स्क्रीन फिरणारा कॅमेरा ने.

आता आई. पारसिक चढते याचं कौतुक आहे, पण इथे चढ नाही, हलत्या जिन्यावरून हलत्या रबरी होडीत पाय टाकायचा असतो. खलाशी मनगट धरून घेतात, तरी उतरताना पाण्यात पाय पडतोच. पावसाळ्याच्या तोंडावर भाऊच्या धक्क्यावरून एकदा रेवसची लाँच धरून बघा दोघं. जमलं तर जमलं. विम्यात तिथून हलवून आणण्याचा खर्च धरलाय ना, तेही नीट वाच.

सीवूड्सचा बगळा:
मावशी, बोट लागण्याचं काय? आणि महिना कोणता?

नौपाड्याची मावशी:
अर्जेंटिनातल्या उश्वाया बंदरातून ड्रेक पॅसेज, म्हणजे अंटार्क्टिकापर्यंतचा खवळलेला समुद्र, ओलांडायला साधारण दोन दिवस, परत तेवढेच. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, ओकारी सुरू झाल्यावर नव्हे. चिलीतल्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटापर्यंत विमानही जातं, दोनेक तासांत. पण तिथे धुकं असलं की उडत नाही, म्हणून परतीच्या तिकिटाआधी मोकळे दिवस ठेव.

नोव्हेंबरात बर्फ कोरा करकरीत, डिसेंबर अखेर ते जानेवारी पिल्लं, फेब्रुवारी-मार्चला व्हेल भरपूर. मला पिल्लं हवी होती. तुझं तू बघ. थंडीचा बाऊ नको, त्या भागात उन्हाळ्यात पारा शून्याच्या आसपास असतो. खरा त्रास वाऱ्याचा.

सीवूड्सचा बगळा:
आत्ताच एजंटला फोन केला. मोठ्या क्रूझवर आठशेहून जास्त प्रवासी. उतरवता का विचारलं, तर म्हणे ‘सीनिक क्रूझिंग’ आहे सर, फार सुंदर.

नौपाड्याची मावशी:
म्हणजे उतरवत नाहीत. फोन ठेव.